ओला, सुका आणि बाकीचं

पहिल्यांदा वाटलं, पलंगाखाली मांजर शिरलंय.
मग कळलं, पलंगच थरथरतोय.

दोन चाळीस.
दिवा लावला तो घड्याळ बघायला.
डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आधी घड्याळ, मग रडणं.
कुशीवर वळवलं. उशी काढली. चष्मा दूर सरकवला,
चष्मा मुळात दूरच होता, तरी सरकवला.
नाकात फवारा, अर्धा इकडे, अर्धा तिकडे.
तोंडात काही घालायचं नाही, घालायचं नाही, घालायचं नाही.

वरच्या मजल्यावरचे दुबेजी बनियनवर धावत आले,
हातात कांदा. मागून त्यांची आई, जोडा घेऊन.
"सुंघाओ भाभी, सुंघाओ!"
मी म्हटलं, भैया, त्यांचे पाय धरू नका, दार धरा.
आणि तो भला माणूस खरंच दार धरून उभा राहिला,
सोडलं तर घर निसटेल असा.

दोन पंचेचाळीस.
पाच मिनिटं म्हणजे किती, हे मला माहीत होतं असं मी समजत होते.
पाच मिनिटांत पोह्यांना फोडणी होते.
पाच मिनिटांत वीज मंडळाचा फोन लागत नाही.
श्रीरंग तीस वर्षं त्याच मंडळात,
दारोदार मीटरचे आकडे टिपत फिरला.
जुन्या मीटरमध्ये ती चकती असायची ना, लाल खुणेची,
घरातलं सगळं एकदम चालू केलं की गरगरणारी,
तशी त्याची बुबुळं.

मग थांबली.
थांबल्याचीच जास्त भीती वाटली.

तीन मजले, लिफ्ट नाही, चादरीची झोळी.
एक टोक दुबेजी, एक त्यांचा मुलगा, एक अँब्युलन्सवाला,
चौथं माझ्याकडे.
इतका हलका कधी झालास रे?
मी काय बघत होते रोज, ताट वाढताना?

महूनाक्यावर सिग्नल नुसता पिवळा लुकलुकत होता.
सराफ्यातून परतणारी तीन पोरं, एका स्कूटरवर, बाजूला झाली.
मधल्यानं हात जोडले.
त्याचा चेहरा दिसला नाही. हात अजून दिसतात.

एमवायच्या कॅज्युअल्टीत एक झोपाळू, कोवळा डॉक्टर.
दादा, नाम बताइए. सांगितलं.
शहर? इंदौर.
और ये कौन हैं?

श्रीरंगनं माझ्याकडे बघितलं.
खूप वेळ. नीट. परक्या घराचं दार वाजवून
आत बघावं तसं, अदबीनं.
"आप खड़ी क्यों हैं, बैठिए ना.
मीटर किधर लगा है?"

सव्वीस वर्षांत माझ्याशी हिंदीत बोलला नव्हता,
भांडतानासुद्धा.

मी बसले.
म्हटलं, "जी, सीढ़ियों के नीचे."
त्यानं मान हलवली. हायसं वाटलं त्याला.
खिसा चाचपू लागला, जिथे खिसा नव्हता.
मी पर्समधलं पेन काढून त्याच्या बोटांत दिलं.

मेंदूला सूज आहे, ओसरेल, म्हणाले.
शब्द परत येतील. बहुतेक.
नऊला स्कॅन. जुनी फाइल लागेल.

घरी आले तेव्हा फरशी कुणीतरी पुसून ठेवलेली,
कांदा ओट्यावर तसाच.
सात वाजता कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत आली,
आणि मी सवयीनं खाली.
ओला एका हातात, सुका दुसऱ्या हातात,
काखेत ती चादर, मुठीत रिकामा फवारा.
हे कशात टाकायचं?
गाडीवरची रेशमा एरवी सालपट चुकलं तरी ओरडते.
आज तिनं माझ्याकडे पाहिलं, सगळं काढून घेतलं.
"दे दो दीदी, मैं देख लूँगी."
चादर मात्र परत दिली. "ये तो धुल जाएगी."

फाइल घेऊन निघताना जिन्याखाली वाकले.
आता तिथे चकती नाही, हिरवे आकडे आहेत.
एक शून्य चार सहा दोन.
तळहातावर उतरवून घेतले,
दुबेजींच्या मुलाचं पेन मागून.
माझं त्याच्याकडेच राहिलं होतं.

विचारलंनच, तर सांगता यावं.